पाण्यात थांबलेला राजा

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्याची ७ तारीख, रविवार. आदल्या दिवशी, अनंत चतुर्दशीस, लालबागेतून निघून भायखळा, नागपाडा, दोन टाकी, ऑपेरा हाऊस असा रात्रभराचा मार्ग आक्रमीत आलेला लालबागचा राजा सकाळी आठाच्या सुमारास गिरगाव चौपाटीच्या वाळूवर पोहोचला. परंतु त्याला खोल पाण्यात नेण्यासाठी त्या वर्षी मुद्दाम सिद्ध केलेला यांत्रिक तराफा आणि समुद्राची भरती यांचा मेळ काही केल्या जमेना, मूर्ती तराफ्यावर चढेना, आणि पाहता पाहता तिच्याभोवती पाणी वाढू लागले. ओहोटीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. एरवी सकाळीच उरकणारे विसर्जन त्या दिवशी रात्री नवाच्या सुमारास पार पडले. आणि दहा वाजण्याच्या आतबाहेर खग्रास चंद्रग्रहणास प्रारंभ व्हावयाचा होता, ही गोष्टही कोणाच्या नजरेतून सुटली नाही.

घटनेचे कारण सरळ होते. भरतीचे कोष्टक आणि एका नव्या यंत्राची अडचण, एवढ्या दोन बाबींत पंचनामा पुरा झाला असता. परंतु वाळूवर तिष्ठत उभी असलेली आणि घरोघर दूरचित्रवाणीसमोर खिळून बसलेली माणसे एवढ्या खुलाशाने समाधान पावणारी नव्हती. राजा रुसला, राजाला जायचे नाही, आपलेच काही तरी चुकले, अशी भाषा सुरू झाली. आणि ज्यांनी ती उच्चारली नाही त्यांच्याही घशात, पाण्यात एकाकी थांबलेली ती मूर्ती पाहून, काही तरी अडकल्यासारखे झाले.

यातील मौज अशी की, पूजाविधीच्या व्याकरणाप्रमाणे पाहू गेल्यास तेथे रुसण्यासाठी कोणी उरलेलेच नसते. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दूर्वांनी स्पर्श करून मूर्तीत जे चैतन्य आवाहिलेले असते त्यास उत्तरपूजेत निरोप दिला जातो, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते, आणि त्या क्षणापासून मागे उरते ती निव्वळ माती, असा या विधीचा स्पष्ट दाखला आहे. मग लाखो माणसांनी त्या दिवशी समुद्रात पाहिले ते काय? श्रद्धाळू मनुष्य म्हणेल देव. विवेकवादी म्हणेल पुतळा. या दोहोंच्या मधोमध तिसरे एक उत्तर आहे, आणि त्या उत्तराची बाराखडी रचण्यात ज्या मानसशास्त्राने आपले आयुष्य वेचले त्याची ओळख मुंबईच्या या जुन्या वस्त्यांच्या साक्षीने करून घ्यावी, हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे.

झुरिकचा पाहुणा आणि त्याचा बंडखोर वारस

१९३७ सालच्या डिसेंबरात बासष्ट वर्षांचे एक स्विस मनोवैद्य मुंबई बंदरात उतरले. कार्ल गुस्ताव युंग हे त्यांचे नाव. भारतीय विज्ञान परिषदेचा रौप्यमहोत्सव कलकत्त्यास भरावयाचा होता आणि त्यासाठी हिंदुस्थान सरकारने त्यांना पाचारण केले होते. भाद्रपद केव्हाच उलटून गेला असल्यामुळे गणेशोत्सव त्यांच्या दृष्टीस पडण्याचा संभव नव्हता. तथापि हत्तीशी त्यांचा परिचय जुना होता. १९३२ साली झुरिक येथे कुंडलिनी योगावर त्यांनी व्याख्याने दिली, त्यांत मूलाधार चक्रातील गजाचे विवेचन करताना, माणसाच्या जाणिवेला पाठीवर वाहून नेणारी प्रचंड शक्ती असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता. गणपत्यथर्वशीर्ष घरोघर म्हणणाऱ्या महाराष्ट्राला, मूलाधारी वास करणारा देव कोण हे सांगावयास नको.

युंग यांचा सिद्धांत थोडक्यात असा. प्रत्येकाच्या वैयक्तिक स्मृतींच्या तळाशी सर्व मानवजातीच्या मालकीची एक सामूहिक नेणीव असते, आणि तिच्यात काही मूळ साचे वास करतात: माता, वृद्ध ज्ञानी, वीर, छाया, राजा. मराठी समीक्षेने या साच्यांना आदिबंध अशी संज्ञा दिली आहे. आदिबंध म्हणजे ठरीव चित्र नव्हे. युंग यांनीच दिलेल्या उपमेप्रमाणे तो नदीच्या कोरड्या पात्रासारखा असतो. पाणी शतकानुशतके आटलेले असो, पाऊस पडला की ते पुन्हा त्याच जुन्या वाटेने धावू लागते. स्वप्ने, पुराणे, नाटके आणि जमावाची उन्मादावस्था ही त्या पाण्याची निरनिराळी रूपे होत.

या विचाराला पुढे एक बंडखोर वारस लाभला. जेम्स हिलमन हा १९२६ साली अमेरिकेत जन्मलेला लेखक १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काश्मिरात राहून गेला, पुढे झुरिकच्या युंग संस्थेत अध्यापनप्रमुख झाला, आणि १९७० साली त्याने आपल्या विचारसरणीस 'आदिबंधात्मक मानसशास्त्र' हे नाव दिले. १९७५ साली प्रसिद्ध झालेला 'री-व्हिजनिंग सायकॉलॉजी' हा त्याचा प्रमुख ग्रंथ होय. युंग म्हणत, आदिबंध स्वतः अज्ञेय आहे, आपल्याला दिसते ती त्याची प्रतिमा. हिलमनने हा पडदाच काढून टाकला. प्रतिमेच्या मागे कोणी दडलेले नाही. मन स्वतः प्रतिमारूपच आहे, असे त्याचे म्हणणे. स्वप्नात काळा साप आला तर त्याचा अर्थ भय, वासना किंवा आई असा लावून मोकळे होऊ नये, कारण अर्थ हाती आला की साप निघून जातो. सापाजवळ बसावे, त्याची चाल पाहावी, तो कोणत्या बिळातून आला ते पाहावे.

आपल्या साहित्यशास्त्राशी परिचय असणाऱ्यास हे फार परके वाटू नये. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' या वचनात वाच्यार्थ धरला तर घरे पाण्यात बुडतात, आणि नुसते 'काठावर' म्हटले तर गंगेचा थंडावा व पावित्र्य हरपते. उरतो तो ध्वनी. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याविषयी जे सांगितले, तेच हिलमनने मनाविषयी सांगितले असे म्हणता येईल. वाच्यार्थाचा हट्ट हा त्याच्या दृष्टीने मनाचा सर्वांत मोठा रोग. प्रतिमेला खरीखुरी वस्तू मानणारा आणि तिला निव्वळ खोटी म्हणून फेकून देणारा, असे दोघेही त्याच रोगाचे रुग्ण.

गिरगावची टाकसाळ

गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा इलाखा कापडासाठी जसा प्रसिद्ध होता तसाच तो प्रतिमांचा कारखानाही होता, ही बाब सहसा कोणी एकत्र करून पाहत नाही. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पुढच्याच वर्षी राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना गिरगावात सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी गरीब-श्रीमंत अशा सर्वांच्या भिंतींवर जाऊन बसल्या. १९१० च्या सुमारास गिरगावातल्याच एका चित्रपटगृहात येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहत असता धुंडिराज गोविंद फाळके यांच्या डोळ्यांपुढे, पडद्यावर ख्रिस्त फिरत असताना, श्रीकृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली. हा अनुभव पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. एका देवाच्या चित्राने दुसऱ्या देवांना जागे करावे, याहून आदिबंधाचा बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही.

त्या अनुभवातून जो चित्रपट दादरला तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला, तो एका राजाचा होता: 'राजा हरिश्चंद्र'. एकोणीस वर्षांनी पडद्याला वाचा फुटली; १९३२ साली प्रभात कंपनीने मराठीतील पहिला बोलपट कोल्हापुरात निर्माण केला, आणि त्या 'अयोध्येचा राजा'चा नायकही पुन्हा हरिश्चंद्रच. मुकेपणी जो राजा आठवला तोच वाचा फुटल्यावरही आठवावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे.

हरिश्चंद्र म्हणजे सत्य, असे आपण बालपणापासून पाठ केलेले आहे. हिलमन येथे आपला हात धरून थांबवील आणि म्हणेल, सत्य राहू द्या बाजूला, आधी चित्र नीट पाहा. या चित्रात राजा सिंहासनावर नाही. तो स्मशानात, डोंबाचा चाकर होऊन, येणाऱ्या प्रत्येक प्रेतामागे ठरलेला कर वसूल करीत उभा आहे. आणि समोर आपल्याच मुलाचे कलेवर घेऊन आलेल्या पत्नीकडेही त्याला तो कर मागावा लागतो आहे. राज्य गेल्यावरही ज्याचे राजेपण जात नाही, किंबहुना राज्य गेल्यावरच जे प्रथम दृष्टीस पडते, असा हा राजा आहे.

पुढे रंगभूमीकडे वळावे तर तेथेही हाच राजा भेटतो. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० सालच्या डिसेंबरात मुंबईत रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केलेला गणपतराव बेलवलकर हा सम्राट खरा, पण केवळ पदवीचा. आयुष्यभर राजांच्या भूमिका केलेला हा वृद्ध नट सर्वस्व मुलांना देऊन टाकतो आणि अखेरीस निराधार होऊन रस्त्यावर येतो. त्याच्या पाठीशी शेक्सपिअरचा लिअर उभा आहे हे सर्वश्रुत आहे. परंतु दादर-गिरगावच्या नाट्यगृहांत हुंदके देणाऱ्या प्रेक्षकांपैकी कितीजणांनी लिअर वाचला होता? त्यांच्या अंतरंगात नदीचे ते पात्र आधीच खणलेले होते, आणि ते हरिश्चंद्राने खणले होते.

जेम्स फ्रेझर या मानववंशशास्त्रज्ञाने १८९० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या 'गोल्डन बाउ' या ग्रंथात, मुदत संपली की ज्याला जावेच लागते अशा राजांच्या कथा देशोदेशींहून गोळा केल्या. त्यांत बारा वर्षांच्या मुदतीचा कालिकतचा सामुतिरीही आहे. फ्रेझरच्या पुराव्यांविषयी पुढील विद्वानांनी पुष्कळ शंका काढल्या. परंतु इतिहास म्हणून जे लटके पडले ते मनाचे चित्र म्हणून टिकून राहिले: राजा आणि मुदत यांची गाठ. ही गाठ आपल्याकडे दर भाद्रपदात चतुर्थीस बांधली जाते आणि चतुर्दशीस सोडली जाते.

फिर्याद ऐकणारा राजा

लालबागच्या राजाचा जन्म वेदांतून किंवा पुराणांतून झालेला नाही. तो एका बाजाराच्या तंट्यातून झाला आहे. १९३२ साली पेरू चाळीतील बाजार बंद झाला आणि मासे विकणाऱ्या कोळणी व लहानसहान व्यापारी उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला. कुंवरजी जेठाभाई शहा, डॉ. व्ही. बी. कोरगावकर प्रभृतींनी खटपट केली, राजाबाई तय्यबअली यांनी जागा देऊ केली, बाजारास ठिकाण लाभले, आणि १९३४ साली नवस फेडण्यासाठी मंडळाची स्थापना झाली. प्रारंभीची मूर्ती कोळ्यांच्या वेशातील होती. पुढे स्वातंत्र्याच्या धामधुमीत तिने राष्ट्रीय पुढाऱ्यांचीही रूपे धारण केली.

हा तपशील आदिबंधाच्या अभ्यासकास अमोल आहे, कारण येथे प्रतिमा आकाशातून उतरलेली नसून गरजेतून वर आलेली दिसते. गिरणगावातल्या माणसाच्या आयुष्यात राजे पुष्कळ होते. गिरणीचा मालक होता, खात्याचा साहेब होता, भरती करणारा आणि दस्तुरी खाणारा मुकादम होता, व्याजाने पैसे देणारा पठाण होता; या प्रत्येकाचा हुकूम चाले, पण फिर्याद ऐकून घेणारा त्यांत एकही नव्हता. ज्याच्यापुढे अर्ज घेऊन जावे आणि जो निदान डोळ्यांत डोळा घालून ऐकेल, असा राजा त्या वस्तीने शाडू आणि काथ्यातून स्वतःच घडवला. मूर्तिकारांच्या कारखान्यांतून डोळ्यांची आखणी हे सर्वांत अवघड काम मानले जाते आणि ते अनुभवी हातांकडे राखलेले असते, याचे मर्म येथे उलगडते: या राजाचे सारे राज्य त्याच्या दृष्टीत आहे.

परंतु प्रत्येक प्रतिमेला तिची छाया असते. १८९३ साली सार्वजनिक उत्सव आकारास आला तो त्या ऑगस्टात मुंबईत उसळलेल्या हिंदु-मुसलमान दंग्यांच्या पाठोपाठ; आपुलकीचे वर्तुळ आखताना कोणी तरी त्याबाहेर राहतो, ही त्याची पहिली छाया. दुसरी छाया सूज. आदिबंधाचे तेज उसने घेऊन मनुष्याचा अहंकार फुगतो, त्या अवस्थेस युंग यांनी नेमका फुगणे या अर्थाचाच शब्द योजला होता. लालबागेच्या गणेश गल्लीत १९२८ पासून बसणाऱ्या गणपतीची मूर्ती १९७७ साली २२ फुटांची झाली, तेव्हा तो एका गल्लीच्या कौतुकाचा विषय होता. आज प्रत्येक उपनगरास आपला राजा हवा, राजाशेजारी महाराजा हवा, आणि उंचीची स्पर्धा पुलांच्या व विजेच्या तारांच्या हिशेबावर येऊन ठेपली आहे.

तिसरी छाया सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच अधिक विचारणीय. लालबागेत दोन रांगा लागतात, एक मुखदर्शनाची आणि दुसरी नवसाची. नवस हे मूळचे एक प्रकारचे संभाषण आहे. अडचणीतला मनुष्य बोलतो आणि बोलल्याने त्याच्या काळजाचा भार हलका होतो. पण तेच संभाषण करारनाम्यासारखे वाचले जाऊ लागले, इतके घ्या आणि इतके द्या, म्हणजे ध्वनी लोपतो व वाच्यार्थ गादीवर बसतो. चरणांना प्रत्यक्ष हात लागलाच पाहिजे, नाहीतर फळ नाही, अशी जेथे खात्री होते तेथे प्रतिमा वस्तू झालेली असते. आणि वस्तू म्हटली की तिची मालकी, तिचा भाव आणि तिच्या जवळिकीचा वशिला या गोष्टी ओघानेच येतात.

ज्याचे विसर्जन झाले नाही

विसर्जन हे वाच्यार्थाच्या या रोगावरचे औषध आहे, असे मानण्यास जागा आहे. दहा दिवस ज्याच्यापुढे मान तुकवली, ज्याला खाऊ-पिऊ घातले, जागवले, निजवले, त्याला अकराव्या दिवशी आपल्याच हातांनी पाण्यात सोडावयाचे. म्हणजे प्रतिमेला पूर्ण मान द्यावयाचा, पण तिला वस्तू होऊ द्यावयाचे नाही. कोणत्याही ग्रंथापेक्षा ही रीत हिलमनचा विचार अधिक नेमकेपणाने जाणते. आणि जेथे विसर्जन घडत नाही, तेथे काय होते, याचाही दाखला याच वस्तीत आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. महिने उलटले, वर्ष उलटले. कोणी गावी गेला, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी पडेल ती मजुरी पत्करली. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले, बऱ्याचशा कायमच्या मुक्या झाल्या. पण तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीही झाली नाही. संपाचा शेवट झाला आणि त्याच्या शेवटाचा विधी मात्र झाला नाही. जयंत पवार यांनी १९९७ साली 'अधांतर' हे नाटक लिहिले तेव्हा लालबाग-परळच्या एका गिरणी कामगाराच्या कुटुंबाची अवस्था सांगण्यासाठी त्यांनी निवडलेला हा एकच शब्द किती अचूक होता, हे येथे कळते. अधांतर म्हणजे ना मंडपात, ना पाण्यात.

हिलमनच्या मते मनाचे दुखणे हे दुरुस्त करून टाकावयाचा बिघाड नसून मनाची बोलण्याची एक रीत असते. देवांना आपण देव्हाऱ्यातून घालवले की ते आजार होऊन परततात, हे युंग यांचे सूत्र त्याने आयुष्यभर घोळवले. गिरण्यांच्या जागी बाजारपेठा आणि काचेचे मनोरे उभे राहिले, क्वचित एखादी चिमणी शोभेसाठी राखली गेली. आणि नेमक्या त्याच दशकांत, जेथे काम उरले नव्हते त्या लालबागेत, राजाची कीर्ती दाही दिशांना पसरत गेली. यात कार्यकारणाचा संबंध जोडण्याची घाई करू नये. दूरचित्रवाणी, पैसा व राजकारण या सर्वांचा त्यात वाटा आहे. तरीही, ज्या वस्तीची फिर्याद कोणत्याच कचेरीत निकालात निघाली नाही, तिने आपल्या फिर्याद ऐकणाऱ्या राजाला इतके मोठे करावे, ही संगती मनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा चालू वादही या प्रकाशात पाहता येतो. जिप्सम हा खनिज पदार्थ तापवून त्यातील पाणी बहुतांशी उडवले की ही भुकटी मिळते. पुन्हा पाणी मिळताच ती घट्ट होते आणि शाडूप्रमाणे विरून जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली तिच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले, आणि २०२५ च्या जुलैत न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात व त्याहून उंच मूर्तींस तूर्त समुद्राची मुभा असावी, असा हुकूम दिला. पर्यावरणाचा मुद्दा स्वयंसिद्ध आहे आणि कारागिरांच्या पोटाचाही. पण ओहोटीनंतर वाळूवर पडलेले हात, सोंडा आणि अर्धे चेहरे पाहताना माणूस जो शहारतो तो केवळ प्रदूषणामुळे नव्हे. ज्याने विरघळावयाचे होते ते विरघळले नाही, याची ती भीती असते.

राजगृहातून आलेला आक्षेप

येथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक शंका उपस्थित झाली असेल, आणि न झाल्यास ती होणे इष्ट आहे. आदि, सनातन, सामूहिक हे शब्द कानाला गोड लागतात. परंतु ज्यांना हजारो वर्षे 'तुमची पायरी आदिकालापासून हीच' असे सांगण्यात आले त्यांना या शब्दांचा संशय यावा, हे न्याय्यच होय.

हा आक्षेप याच वस्तीतून, सर्वाधिक अधिकारवाणीने, उच्चारला गेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले. १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये भरलेल्या बैठकीतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला. आणि लालबागेत राजा बसू लागला त्याच सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी आपल्या ग्रंथसंग्रहासाठी घर बांधले, त्याचे नाव ठेवले राजगृह, प्राचीन मगधाच्या राजधानीवरून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीस देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे ज्या प्रतिमेभोवती हे प्रकरण फिरत आहे तिला याच शहरातील एका मोठ्या समाजाने, विचारपूर्वक आणि जाहीरपणे, नकार दिलेला आहे.

मग त्यांनी कोणास स्वीकारले? पुन्हा एका राजपुत्रास. ज्याने राज्य सोडले त्या सिद्धार्थास. परंतु हा स्वीकार कसा केला ते पाहण्याजोगे आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थास वैराग्य आले ही परंपरेतील काव्यमय कथा बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली. त्यांच्या मांडणीप्रमाणे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, संघात युद्धाचा ठराव बहुमताने संमत झाला, आणि त्या ठरावास विरोध करणाऱ्या सिद्धार्थाने परिणाम ओळखून गृहत्याग पत्करला. राज्यत्यागाची प्रतिमा त्यांनी ठेवली. तिच्याखालची जमीन मात्र बदलली. नियतीच्या जागी पाण्याचा तंटा आला, दैवी संकेताच्या जागी मतदान आले.

आदिबंधात्मक मानसशास्त्राने हा धडा शिरसावंद्य मानला पाहिजे. पात्र जुने असेल, पण पाणी कोणी अडवले आणि कोणाला दिले याचा हिशेब इतिहासाच्या दप्तरातच मिळतो. ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशभरातून आलेली लाखो माणसे चैत्यभूमीवर रांगेत उभी राहतात, तेव्हा तेथेही एक प्रतिमा असते, निळ्या कोटातली, हातात ग्रंथ असलेली; तिच्यापुढे मेणबत्ती लावून ती माणसे शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांकडे वळतात आणि घरी जाताना पिशवीत पुस्तके नेतात. जिच्यापासून परतताना हाती वाचावयास काही तरी लागते, त्या प्रतिमेला वस्तू होण्यापासून वाचवण्याचा हा दुसरा मार्ग म्हणावा लागेल. एका वस्तीने त्यासाठी समुद्राची योजना केली, दुसरीने ग्रंथाची.

पाटावरची वाळू

आता चौपाटीवरच्या त्या दिवसाकडे परत वळू. पाण्यात उभ्या असलेल्या त्या मूर्तीत लोकांनी पाहिला तो मुदत संपूनही जाता न येणारा राजा, आणि तो पाहवेना. हरिश्चंद्र राज्य सोडतो, गणपतराव सर्वस्व देऊन टाकतो, सिद्धार्थ कपिलवस्तूची वेस ओलांडतो; आपल्या मनातील राजाचे राजेपण त्याच्या जाण्यात आहे, आणि येथे तर जाणेच अडले होते. शिवाय त्या ताटकळण्यात प्रत्येकाने आपापले काही पाहिले असल्यास नवल नाही: रुग्णशय्येवरचा वडीलधारा, बंद गिरणीचा न मिळालेला हिशेब, पुनर्विकासात अर्धवट पाडलेली चाळ. भरतीचे कोष्टक या गोष्टींबद्दल काही बोलत नाही, आणि बोलावे अशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही.

घरच्या गणपतीचे विसर्जन करून परतताना रिकाम्या पाटावर किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू आणण्याची चाल पुष्कळ मराठी घरांत आहे. पाट पुन्हा त्याच जागी ठेवतात, ती वाळू घरात टाकतात, आरती करतात आणि मग जेवावयास बसतात. पाटावर आता कोणी नसते, हे लहान पोरासही ठाऊक असते. पण पाट लागलीच माळ्यावर टाकून देण्यास घरातले कोणी धजत नाही. त्या रात्रीपुरता तो तेथेच राहतो.